कितवा नंबर आला?

तालमी, कुस्ती आणि फुटबॉलच्या गावात कुठल्याही बक्षिसाशिवाय नुसतंच पळायचं, हे जरा हटकेच. पण वर्षभर पळून बघितलं, रंकाळ्यापासून पन्हाळ्यापर्यंत. पायांपेक्षा डोक्यातच जास्त काहीतरी बदललं...

कोल्हापुरात पळायला लागलात की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, 'कुठली भरती हाय?' आणि दुसरा, जरा ओळख वाढल्यावर, 'कितवा नंबर आला?'

दोन्ही प्रश्नांत काही चूक नाही, बॉस! इथं पहाटे साडेपाचला रस्त्यावर पळणारी पोरं-पोरी म्हणजे पोलीस भरतीची, नाहीतर आर्मीची. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळावं लागतं, आणि सेकंदा-सेकंदावर मार्क असतात. भरती नसेल तर मग स्पर्धा असणार. स्पर्धा म्हटली की नंबर आलाच. आणि भरती नाही, स्पर्धा नाही, तर मग हे पळतंय कशाला? 'कुत्रं मागं लागलंय काय?' हा तिसरा प्रश्न. तो खास मित्रमंडळींनी राखून ठेवलेला असतो.

मी गेल्या जानेवारीत पळायला लागले. वय 28. काम फ्रीलान्स पत्रकारितेचं, म्हणजे लॅपटॉप, चहा, डेडलाइन आणि खुर्ची, आणि पुन्हा चहा. शाळेत पीटीच्या तासाला मैदानाच्या कडेला सावली शोधणाऱ्यांच्या गटातली मी कायमची मेंबर. आता पळायला लागून एक वर्ष झालं. या वर्षात माझा एकदाही, कुठेही, कसलाही नंबर आलेला नाही. आणि आयुष्यात इतकं नियमितपणे मी दुसरं काहीही केलेलं नाही!

ताकदीचं गाव

हे गाव मुळात व्यायामाचं. पण इथल्या व्यायामाला एक उद्देश लागतो, समोर कोणीतरी लागतो. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 साली खासबागचं मैदान खुलं झालं, आणि पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी ही नावं उच्चारली तरी लाल मातीचा वास येतो. खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1952 साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापूरच्या प्रत्येक पोरानं लहानपणी ऐकलेली असते. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. नंतर तेजस्विनी सावंत 2010 मध्ये नेमबाजीची विश्वविजेती झाली, वीरधवल खाडे 2008 मध्ये बीजिंगच्या जलतरण तलावात उतरला, राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसहून ब्राँझ आणलं. फुटबॉलचं तर विचारूच नका. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा... तालमीच्याच टीम, आणि शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ हजर!

अशा गावात 'मी आपलं असंच पळते, जिंकायला नाही' म्हणणं म्हणजे हॉटेलात जाऊन 'मिसळ द्या, पण कट नको' म्हणण्यासारखं आहे. लोक चमकून बघतात.

गंमत म्हणजे, भारतातल्या पळण्याची गोष्ट सुरू होते ती आपल्याच पट्ट्यात. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं पाहिली आणि यांना ऑलिंपिकला पाठवायचंच, असं ठरवलं. पुढच्याच वर्षी, 1920 मध्ये, अँटवर्पला भारताची टीम गेली. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. तिथली मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरची होती. चौगुलेंनी ती 2 तास 50 मिनिटांच्या आसपास पूर्ण केली. नंबर? एकोणिसावा. शंभर वर्षांपूर्वी, परक्या देशात, पहिल्याच फटक्यात एकोणिसावा! मला तर ही गोष्ट कुठल्याही सुवर्णपदकाइतकीच सॉलिड वाटते. पण बेळगावाहून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या आपल्या गावात चौगुलेंचं नाव किती जणांना माहीत आहे, ते एकदा आपल्या कट्ट्यावर विचारून बघा.

हौशी पळणाऱ्यांची लाट मात्र अगदी अलीकडची. 2004 साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, 2012 मध्ये शेजारच्या साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि 'पळणं' हा भरतीबाहेरचाही विषय असू शकतो हे पटायला लागलं. आता कोल्हापुरातही मॅरेथॉन होतात, कोल्हापूर स्पोर्ट्स क्लबची 'लोहपुरुष' ट्रायथलॉन होते, आणि इथले डॉक्टर, इंजिनिअर, व्यापारी दक्षिण आफ्रिकेतल्या जवळपास 90 किलोमीटरच्या कॉम्रेड्सला जाऊन येतात. पहाटेच्या रस्त्यावर भरतीच्या पोरांच्या शेजारी आता बँकवाले, आयटीवाले, शिरोली-गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले सुपरवायझर दिसायला लागलेत. पोट थोडं पुढं, शूज एकदम नवे!

6.2

मी यात शिरले ती क्रेझ म्हणून नाही. कारण एका कागदावर होतं.

माझ्या आईला डायबेटिस आहे, आजीलाही होता. आईची नेहमीची तपासणी करायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'तुझंही एकदा बघून टाकू.' तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची ती टेस्ट, एचबीएवनसी. 5.7 च्या आत असेल तर ठीक, 6.5 च्या पुढे डायबेटिस. माझा आकडा आला 6.2. अठ्ठाविसाव्या वर्षी! वजन फार नाही, दिसायला धडधाकट, गोडाची फारशी आवडही नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, 'अजून दार बंद झालेलं नाही. पण उघडंही राहणार नाही.'

घरी येऊन मी जे वाचलं त्यानं झोप उडाली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार देशात डायबेटिसचे 10 कोटींहून जास्त रुग्ण आहेत, आणि माझ्यासारखे उंबरठ्यावरचे 13 कोटींहून जास्त. पण त्याच वाचनात एक चांगली बातमीही सापडली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका गाजलेल्या चाचणीत, आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम आणि थोडं वजन कमी करणं एवढ्यावर डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं होतं. गोळी घेणाऱ्यांच्या गटात ते 31 टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉक्टरांनी भारतीयांवर तसाच प्रयोग केला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे फायदा कमी दिसला, सुमारे 28 टक्के, पण तोही गोळीच्या बरोबरीचा.

आठवड्याला 150 मिनिटं. म्हणजे एका मोठ्या हिंदी सिनेमाएवढा वेळ. जिमची फी परवडत नव्हती, फ्रीलान्सचे चेक कधी येतील हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. रस्ता मात्र फुकट होता.

एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला

रंकाळ्याची एक चक्कर म्हणजे चार किलोमीटरपेक्षा थोडं जास्तच. एका बाजूला चौपाटी, पलीकडे शालिनी पॅलेस, मधे संध्यामठ. जानेवारीच्या पहाटे पाण्यावर धुकं असतं आणि फिरायला आलेल्या काका लोकांच्या माकडटोप्या तेवढ्या त्यातून बाहेर येतात. फोटोला एकदम भारी. पळायला मात्र चार किलोमीटर म्हणजे चार किलोमीटर!

नवशिक्यांसाठी जगभर एकच फंडा वापरतात, आणि तो खरंच काम करतो. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ-दहा वेळा. पुढच्या आठवड्यात पळण्याचं मिनिट वाढवायचं, चालण्याचं कमी करायचं. आठवड्यातून तीनच दिवस. वेग किती? तर शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, इतका. यामागचं कारण साधं आहे. दम पहिल्या महिन्यात वाढतो, स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तयार होतात, पण हाडं आणि स्नायूबंध यांना आणखी वेळ लागतो. उत्साह सगळ्यांच्या पुढे पळतो आणि नडगी मागे राहते. नव्या लोकांची दुखणी बहुतेक इथूनच सुरू होतात.

मार्चच्या शेवटी मी न थांबता पूर्ण चक्कर मारली. शेजारून एक सत्तरीचे अण्णा भरभर चालत माझ्या पुढे निघून गेले. चालत! तरीही त्या दिवशी मी घरी जाऊन आईला मिठी मारली. ती म्हणाली, 'घामट कुठली, आधी अंघोळ कर.'

आणि हो, गुडघे! 'पळू नको, गुडघे जातील' हे वाक्य मला किमान पन्नास जणांनी ऐकवलं. त्यातले पंचेचाळीस जण सोफ्यावर बसलेले होते. 2017 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात हौसेनं पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेचं प्रमाण 3.5 टक्के निघालं, बैठ्या लोकांमध्ये 10.2 टक्के आणि व्यावसायिक स्पर्धक धावपटूंमध्ये 13.3 टक्के. म्हणजे काय, तर गुडघ्यांनाही 'नंबर काढायचाच' हा हट्ट मानवत नाही. मजेत पळणं मानवतं.

'पोरगी पळतीया!'

कोल्हापूरच्या पोरी 'मी येतो, मी जातो' असं बोलतात, यावर पुण्या-मुंबईत कितीही हसोत, आमचा तो टशन आहे. पण बोलण्यात 'येतो-जातो' करणाऱ्या पोरीसुद्धा पहाटे सव्वापाचला एकट्या रस्त्यावर उतरताना दहादा विचार करतात. अंधार, भटकी कुत्री, बाईकवरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवणारी पोरं. आणि यांच्याइतकाच मोठा अडथळा म्हणजे ओळखीचे लोक. हे गाव शहर असलं तरी गल्ली आहे. मी सात वाजता घरी पोचायच्या आत आईला फोन आलेला असायचा, 'तुमची पोरगी पळतीया!' सूर असा, की जणू कोणाबरोबर तरी पळून गेलीय.

जगातही हे फार जुनं नाही. 1967 मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये पळणाऱ्या कॅथरीन स्वित्झरला एका अधिकाऱ्यानं भर रस्त्यात पकडून बाहेर ओढायचा प्रयत्न केला होता. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट 1984 मध्ये. आणि आपल्या शेजारच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 मध्ये रिओला 3000 मीटर स्टीपलचेसच्या फायनलला उभी राहिली. पी. टी. उषानंतर तब्बल 32 वर्षांनी ट्रॅकच्या फायनलला पोचलेली ती पहिली भारतीय बाई. दुष्काळी तालुक्यातली पोरगी जगात दहावी!

मला सोबत मिळाली ती विद्यापीठात. शिवाजी विद्यापीठाचा 853 एकरांचा परिसर म्हणजे पळणाऱ्यांचं माहेरघर. मोठी झाडं, कमी गाड्या, मोरांचे आवाज. तिथं माझ्यासारख्याच दोघी भेटल्या. एक बँकेत क्लार्क, दुसरी सॉफ्टवेअरवाली, वर्क फ्रॉम होममध्ये पुण्याची कंपनी आणि राजारामपुरीतलं घर सांभाळणारी. आम्ही ठरवलं, तिघींपैकी दोघी असल्याशिवाय निघायचं नाही आणि तिसरीला सोडून जायचं नाही. या एका नियमानं जितके दिवस पळणं झालं, तितके कुठल्याही महागड्या घड्याळानं झाले नसते. बाहेर कोणीतरी आपली वाट बघत उभं आहे हे कळलं की स्नूझचं बटण दाबवत नाही.

तिथंच भरतीची एक पोरगी ओळखीची झाली. पन्हाळा तालुक्यातल्या एका खेड्यातली, इथं मावशीकडे राहून तयारी करणारी. वय वीसच्या आसपास, पायात शिवून घेतलेले शूज. ती 800 मीटरच्या फेऱ्या मारायची आणि आम्ही पहिल्या वळणावर असताना ती परत आलेली असायची. एक दिवस तिनं विचारलं, 'ताई, तुम्ही टाईम का लावत नाही?' मी म्हटलं, 'आम्ही असंच पळतो.' ती हसली. कुत्सित नाही, पण ज्याला 'असंच' हा शब्द परवडत नाही त्या माणसाचं हसू होतं ते. ते माझ्या डोक्यातून वर्षभर गेलं नाही.

39 फूट, 43 फूट

जून उजाडला आणि कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला. बाहेरगावच्या लोकांना कल्पना नाही, पण आमच्याकडे पावसाळ्यात हवामान बघायचं म्हणजे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांवर गेली होती आणि 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला. तेव्हापासून पाऊस सलग तीन दिवस लागला की गावाच्या पोटात गोळा येतो.

पावसात पळावं की नाही? पळावं, पण डोकं वापरून. ओल्या रस्त्यावर पाऊल लहान टाकायचं, साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, कारण खाली खड्डा आहे की उघडं गटार, हे फक्त महापालिकेलाच माहीत असतं! विजा असतील तर सरळ घरी. घरी आल्यावर शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, ते पाणी शोषून घेतात. माझ्याच लेखांची एवढी उपयुक्त कात्रणं मी पहिल्यांदाच बघितली.

जुलैमध्ये सलग सोळा दिवस पळणं झालं नाही. ऊन नाही, उजेड नाही, अंगणात शेवाळ. तेव्हा मला पळण्यातली खरी गोष्ट कळली. मी चिडचिडी झाले होते. आईच्या लक्षात आलं, बाबांच्या लक्षात आलं, एका संपादकांनी तर फोनवर विचारलं, 'बरं आहे ना सगळं?' पळून आल्यावर मन हलकं का होतं यावर शास्त्रज्ञ बरीच वर्षं काम करतायत. पूर्वी सगळं श्रेय एंडॉर्फिनला द्यायचे, आता शरीरात तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या रसायनांकडे जास्त बोट दाखवतात. नाव काहीही असो. ज्या गोष्टीनं मी साखर कमी करायला सुरुवात केली होती, तिनं माझं टेन्शन केव्हा सांभाळायला घेतलं, ते मला तिच्याशिवाय राहिल्यावर समजलं.

सतराव्या दिवशी उघडीप मिळाली. फॉर्म गेला होता, दम गेला होता. आम्ही तिघी पुन्हा एक मिनिट पळणं आणि एक मिनिट चालणं यावर आलो. कुरकुर न करता मागे जाता येणं, हे मला ऑफिसच्या दुनियेनं कधी शिकवलं नव्हतं. तिथं सगळे आलेख वरच जायला लागतात.

वाघबिळाचा चढ

दिवाळीनंतर थंडी पडली, गुऱ्हाळं सुरू झाली, आणि आम्ही ठरवलं, डिसेंबरच्या एका रविवारी कोल्हापूर ते पन्हाळा पळायचं. अंतर साधारण 20 किलोमीटर, म्हणजे हाफ मॅरेथॉनला थोडं कमी. पण ते 20 किलोमीटर सपाट नाहीत. पन्हाळा समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर, आणि शेवटचा टप्पा नुसता चढ!

पहाटे शिवाजी पूल ओलांडला तेव्हा नदीवर धुकं होतं. वडणग्याच्या बाजूनं गुळाचा वास येत होता. रस्त्याच्या कडेनं, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, डोक्याला टॉर्च लावून. कारण हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात आणि दोन ट्रॉल्यांच्या मागे काय आहे हे कोणालाच दिसत नाही. केर्लीला उजाडलं. चहाच्या टपरीवरचे तात्या म्हणाले, 'जोतिबाला का?' आम्ही म्हटलं, 'नाही, पन्हाळ्याला.' 'मग एसटी हाय की!' त्यांचंही बरोबरच होतं.

वाघबिळापासून चढ सुरू झाला आणि गप्पा बंद झाल्या. या डोंगरांत पळण्याची सगळ्यात मोठी गोष्ट 1660 सालची आहे. 12 जुलैची रात्र, धुवांधार पाऊस, सिद्दी जौहरचा वेढा, आणि पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघालेली महाराजांची पालखी. आपण बाजीप्रभूंना आठवतो, शिवा काशिदांना आठवतो, आणि आठवायलाच हवं. पण चढावर माझा श्वास फुलला तेव्हा मला त्या पालखीचे भोई आठवले. चिखलात, अंधारात, खांद्यावर ओझं घेऊन रात्रभर पळालेली माणसं. त्यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांना कोणी विचारलं नसेल, कितवा नंबर.

आम्ही बराच चढ चालत चढलो. मधे दोनदा थांबलो. बाजीप्रभूंच्या पुतळ्याजवळ पोचलो तेव्हा निघून तीन तास उलटून गेले होते. बँकवाली रडली, सॉफ्टवेअरवालीनं झुणका-भाकर मागवली, मी दगडावर बसून राहिले. मेडल नव्हतं, टाळ्या नव्हत्या, फिनिश लाइन नव्हती. येताना मात्र तात्यांचा सल्ला मानला आणि एसटीनं आलो.

हिशेब

वर्ष संपलं तेव्हा पुन्हा टेस्ट केली. 5.8. म्हणजे मी अजून उंबरठ्यावरच आहे. सिनेमा असता तर 5.2 आला असता! डॉक्टर मात्र खूश होते. म्हणाले, 'आनुवंशिकता धक्का देत राहणार, तू पाय रोवून ठेव.' पळणं म्हणजे विमा पॉलिसी नव्हे, हेही त्यांनी बजावलं. 1977 मध्ये पळण्यावरचं जगप्रसिद्ध पुस्तक लिहून अख्ख्या अमेरिकेला रस्त्यावर आणणारे जिम फिक्स 1984 मध्ये पळतानाच हृदयविकारानं गेले, वय 52. त्यांच्या वडिलांनाही हृदयविकार होता. घरात इतिहास असेल तर शूजच्या आधी तपासणी.

बाकीचा हिशेब रिपोर्टमध्ये येत नाही. मी आता रात्री साडेदहाला झोपते, त्यामुळे काही पार्ट्या आणि एक-दोन मित्र कमी झाले. 'अर्जंट' म्हणून आलेल्या प्रत्येक कामाला मी लगेच हो म्हणत नाही. कारण सकाळी तासभर माझा स्वतःचा असतो, आणि तो विकायला काढलेला नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. आई संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला लागलीय. साडी, त्यावर स्वेटर, पायात माझे जुने शूज. सुरुवातीला ती 'लोक काय म्हणतील' म्हणायची. आता तिलाच फोन येतात, 'उद्या येतीस का?'

आणि ती भरतीची पोरगी? मैदानी चाचणीत तिनं चांगले मार्क घेतले, पण लेखी परीक्षेत थोडक्यात राहिली. दोन आठवडे दिसली नाही. मला वाटलं, गेली गावी. मग एका सोमवारी पुन्हा ट्रॅकवर. तेच शिवलेले शूज. फेरी संपवून ती आमच्याजवळ आली आणि म्हणाली, 'ताई, आज असंच पळूया का? टाईम न लावता.' आम्ही चौघी मिळून विद्यापीठाची एक अख्खी चक्कर मारली, गप्पा मारत, अगदी सावकाश. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा घड्याळ लावून 800 मीटरला उभी होती.

माझा नंबर नाही आला तरी चालतंय. तिचा यायलाच पाहिजे.

तुम्हीही सुरू करताय?

कुठे पळाल: सुरुवातीला रंकाळा किंवा विद्यापीठाचा परिसर. गर्दी नको असेल तर कळंबा आणि राजाराम तलावाची बाजू. चढाची हौस जोतिबा-पन्हाळ्याच्या रस्त्यावर फिटेल, पण पहिले सहा महिने तिकडे फिरकू नका.

किती: आठवड्याला तीन दिवस पुरे. अंतर वाढवाल ते थोडं थोडं, आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवा, अंतर किंवा वेग.

शूज: महाग नको, मापाचे हवेत. संध्याकाळी खरेदी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. कोल्हापुरी चप्पल जगात भारी, पण पळायला नव्हे!

खाणं: पळण्याआधी एक केळं. नंतर तासाभरात नाश्ता. रविवारी मिसळ चालेल, रोज नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध हा ज्याच्या त्याच्या पोटाचा प्रश्न.

सुरक्षितता: अंधारात फिकट रंगाचे कपडे, कानात इअरफोन नको, घरी रस्ता सांगून निघा. शक्य असेल तर जोडीनं.

डॉक्टर: वय पस्तिशीच्या पुढे असेल, घरात डायबेटिस किंवा हृदयविकार असेल, किंवा छातीत दुखणं, चक्कर असं काही झालं असेल, तर आधी तपासणी, मग पळणं.

आणि कोणी विचारलंच 'कितवा नंबर?' तर थांबू नका. हसा आणि म्हणा, 'चला की सोबत!'